दिसणार नाही अशी जागा

गाडीच्या टपावर मांजराची पावलं उमटली आणि ती काही केल्या पुसली जाईनात, तेव्हा कुठे चश्मेवाल्यांच्या लक्षात आलं, की आपलं जरा अतिच झालंय.

तसं बघितलं तर दोष हाताचा. अडतीस वर्षं चष्म्याच्या दुकानात त्यांनी लोकांचे नंबर काढले आणि काचा पुसल्या. दुकान सुटलं, पण पुसायची खोड सुटेना. पाण्याचे पेले पुसायचे, बंद पडलेला टीव्ही पुसायचे, एकदा तर बँकेच्या रांगेत शेजारच्या माणसाच्या नाकावरचा चष्मा काढून, पुसून, परत त्याच्या नाकावर ठेवला होता. न विचारता! बायको घरात होती तोवर हे प्रकरण आटोक्यात होतं, कारण ती वेळच्या वेळी म्हणायची, "अहो, पुरे!" आठ महिन्यांपूर्वी मुलीला जुळं झालं, बायको तिकडे लांब तिच्या गावी गेली आणि घरात 'पुरे' म्हणायला कुणी उरलं नाही.

बाकीचा दिवस कसाबसा ढकलता यायचा. संध्याकाळचे चार ते सहा मात्र अंगावर यायचे. ती दोघांची गॅलरीतली चहाची वेळ. सुरुवातीला सवयीने दोन कप ओट्यावर यायचे, आणि त्यातला एक परत फडताळात ठेवताना चश्मेवाले उगाचच इकडेतिकडे बघायचे. मग त्यांनी मेणाचा डबा आणला. चार वाजले की खाली उतरायचं, त्या गडद निळ्या गाडीला मेण फासायचं आणि सहा वाजेपर्यंत घासत बसायचं. डब्यावर लिहिलं होतं, तीन महिन्यांतून एकदा. त्यांनी रोज लावलं. म्हणजे गाडीची पुढची साठ वर्षांची सोय झाली होती.

पहिले काही दिवस गाडी खरंच चमकली. मग तिच्यावर साय धरायला लागली. मेणावर पॉलिश, पॉलिशवर मेण, त्यावर धूळ, धुळीवर पुन्हा मेण. निळा रंग आत कुठेतरी गडप झाला आणि वर मोतीबिंदूसारखा पांढुरका पडदा आला. चश्मेवाल्यांना तो दिसत नव्हता असं नाही. पण न घासावं तर चार ते सहा करायचं काय?

त्यात मंगळवारी बायकोचा फोन आला.

"अहो, शनिवारी सकाळी पोचते. पंधरा दिवसांसाठी. परतीचं तिकीटही काढून ठेवलंय."

'परतीचं' हा शब्द चश्मेवाल्यांना माशाच्या काट्यासारखा टोचला. पण माणूस ताठ. ते म्हणाले, "वा वा, छान. सावकाश ये."

"तुमचं कसं चाललंय?"

"मजेत! माझं काय? घर लख्ख, गाडी आरशासारखी. तोंड बघशील त्यात."

"बघतेच आल्यावर," असं म्हणून तिने फोन ठेवला. चश्मेवाले गॅलरीतून खाली गाडीकडे बघत राहिले. त्या गाडीत तोंड बघायचं तर आधी तोंड शोधावं लागलं असतं.

त्यांनी मनाशी पक्कं ठरवलं. आल्या आल्या तिला सगळं असं चकचकीत, जिथल्या तिथे दिसलं पाहिजे, की तिचा जीव इथेच रमावा. पंधरा दिवस संपताना तिने आपणहून म्हणावं, नको बाई जायला. 'राहा ना गं' असं तोंड उघडून म्हणायची वेळच येऊ नये. कारण ते म्हणणं त्यांना या जन्मात जमलं नव्हतं.

बुधवारी सकाळीच त्यांचा मेहुणा आला. बायकोचा हा धाकटा भाऊ जगातल्या कुठल्याही प्रश्नाचं उत्तर प्रश्न संपायच्या आत देतो.

"रॉकेल, भावोजी! डोळे मिटून रॉकेल."

"रंग जाईल."

"आधी दिसणार नाही अशा जागी लावून बघायचं. आणि माझ्याकडे टर्पेंटाइनही आहे. तेही बघा."

आता दुसरा कुणी असता तर त्याने एक बारकासा डाग पाडून बघितला असता. पण चश्मेवाल्यांचा सगळा जन्म 'हे बरं की हे बरं?' विचारण्यात गेलेला. एका काचेवर निकाल द्यायचा नाही, शेजारी दुसरी धरायची, हा त्यांचा धर्म. त्यांनी मागच्या बंपरवर, अगदी खाली, शेजारीशेजारी दोन गोल केले. अगदी काचेच्या मापाचे. एक रॉकेलचा, एक टर्पेंटाइनचा.

"हे स्वच्छ की हे?" त्यांनी सवयीने विचारलं.

"हे," मेहुण्याने रॉकेलच्या गोलाकडे बोट दाखवलं. "कसं झळकतंय बघा!"

झळकत होतं ते रॉकेलच. तासाभरात त्या तेलकट गोलावर रस्त्यावरची धूळ येऊन बसली आणि तो चांगला तपकिरी झाला. पण मेहुणा म्हणाला, की ही जागाच वाईट, दुसरीकडे बघू. म्हणून मागच्या दारावर खालच्या बाजूला आणखी दोन गोल झाले.

दुपारी वरच्या मजल्यावरच्या मॅडम खाली आल्या. जन्मभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलेल्या बाई. त्यांनी चष्मा सावरून चारही गोल तपासले, पेपर तपासावा तसे.

"मेण तेलकट. ते तेलकटातच विरघळणार. नंतर मागे जे पॉलिशचं तेल राहील, ते स्पिरिटने काढायचं. सौम्यापासून सुरुवात, जालीम शेवटी. तेही गरज पडली तर. आणि आधी कुठे लावायचं?"

"दिसणार नाही अशा जागी," चश्मेवाले आणि मेहुणा एका सुरात म्हणाले.

बाईंनी कागदावर पाच नावं उतरवून दिली. साबणाचं पाणी, टर्पेंटाइन, स्पिरिट, थिनर, ॲसिटोन. शेवटच्या दोन नावांखाली त्यांनी जाड रेघ मारली. त्यांच्या हिशेबाने ती धोक्याची खूण होती. मेहुण्याला वाटलं, महत्त्वाचं आहे!

गुरुवारी तो थिनरची बाटली घेऊन हजर. "आता ॲसिटोन तेवढं हवं. नेलपॉलिश काढायचं जे असतं ना, त्यात असतं बघा. ताईकडे असेलच की."

चश्मेवाल्यांनी आठ महिन्यांत बायकोचा खण उघडला नव्हता. उघडला. बाटली समोरच होती, पण ती उचलायला त्यांना वेळ लागला. दोन तुटके कंगवे, तिच्या हाताने लिहिलेली सामानाची जुनी यादी, आणि सगळ्यावर तिच्या पावडरीचा वास. यादीत शेवटी लिहिलं होतं, 'यांचे मोजे'. चश्मेवाले पलंगाच्या कडेवर बसले. आपल्याला ती किती, किती हवी आहे, हे त्यांना तिथे मोज्यांवरून कळलं. खालून मेहुण्याने हाक मारली, तेव्हा ते डोळे पुसून उठले.

खाली आल्यावर थिनरचा गोल त्यांनी पुढच्या दाराच्या कोपऱ्यात केला. हे दार कधीकाळी एका खांबाला घासलं होतं आणि एका रंगाऱ्याने ते हाताने रंगवून दिलं होतं, हे ते साफ विसरले. कंपनीचा पक्का रंग कदाचित टिकला असता, हा टिकला नाही. कापसाबरोबर निळा रंग अलगद निघून आला आणि खालचं राखाडी अस्तर दिसायला लागलं.

"हात दाखवून अवलक्षण," चश्मेवाले पुटपुटले.

"थांबा, घाबरू नका! शेजारी ॲसिटोन बघू," मेहुणा म्हणाला.

शेजारी ॲसिटोन बघितलं. तिथेही अस्तर निघालं. घाईघाईत डिकीवर टेकवलेली बाटली कलंडली, उरलेलं मागच्या दिव्यावर सांडलं आणि लालबुंद दिवा आजारी माणसाच्या डोळ्यासारखा धुरकट झाला. मेहुण्याला त्याच क्षणी एक महत्त्वाचं काम आठवलं आणि तो निघून गेला.

शेवटी चश्मेवाल्यांनी त्याच रंगाऱ्याला गाठलं. तो आला, हात मागे बांधून गाडीभोवती एक फेरी मारली, मग दुसरी मारली.

"साहेब, हे काय आहे?"

"चाचणी."

"अहो, चाचणी दिसणार नाही अशा जागी करतात!"

"तशा जागा संपल्या," चश्मेवाले खाली मान घालून म्हणाले.

गडी हसून हसून पायरीवर बसला. पण माणूस भला. "हे बघा, रंगाला चार दिवस लागणार. शनिवारपर्यंत ते काही होत नाही. मेण मात्र उद्या काढून टाका. सावलीत उभी करा, धुऊन घ्या, मऊ कापडाने टर्पेंटाइन, मग निम्मं पाणी घालून स्पिरिट. घासायचं नाही, नुसतं टिपून घ्यायचं. आणि पुन्हा गोल काढायचे नाहीत!"

शुक्रवारचा अख्खा दिवस चश्मेवाले राबले. कापडावर कापड पिवळं पडत गेलं. साय उतरली, मांजराची पावलं गेली आणि आठ महिन्यांनी तो खोल निळा रंग वर आला. ज्या गाडीत बसून दोघं मुलीला सासरी सोडून आले होते, परत येताना एक अक्षर न बोलता, तीच ही गाडी. चश्मेवाल्यांचा ऊर भरून आला. मग ते दोन पावलं मागे सरले आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मेणाच्या पडद्यात ते डाग निदान झाकले होते. आता लख्ख निळ्यावर ते राखाडी गोल पलीकडच्या फुटपाथवरूनही मोजता आले असते.

शनिवारी स्टेशनबाहेर त्यांनी गाडी भिंतीला इतकी चिकटवून लावली, की त्यांना स्वतःला पलीकडच्या दाराने उतरावं लागलं. बायको आली. वाळली होती, केस जास्त पिकले होते, आणि चश्मेवाल्यांना ती इतकी सुंदर कधी दिसली नव्हती. बोलायचं बरंच ठरवलं होतं. निघालं एवढंच, "बॅग दे."

बॅग मागे ठेवायची होती. मागेच दिवा होता. तिने तो पाहिला, बंपर पाहिला, भिंतीच्या फटीत वाकून दार पाहिलं.

"अहो, हिला काय झालंय? देवी आल्यात का?"

"मेण काढत होतो."

"मेण कशाला लागलं होतं एवढं?"

"रोज लावत होतो ना."

"रोज? आठ महिने? रोज कुणी लावतं का?"

"चार वाजले की..." चश्मेवाले खिशातून रुमाल काढून आधीच स्वच्छ असलेली काच पुसायला लागले.

"चार वाजले की काय?"

"चार वाजले की करमत नाही गं. राहा ना इथेच."

झालं! जन्मात न जमलेलं वाक्य भर स्टेशनासमोर बाहेर पडलं. बायकोने त्यांच्या हातातला रुमाल काढून घेतला आणि त्यानेच डोळे टिपले.

"मग फोनवर रोज 'मजेत, मजेत' कोण म्हणत होतं? घर लख्ख, गाडी लख्ख! मला वाटलं, माझ्यावाचून यांचं काही अडत नाही. परतीचं तिकीट काढलं त्या दिवशी जेवणही गेलं नाही मला."

घरी पोचल्यावर तिने आधी मुलीला फोन लावला. "अगं, तुझ्या बाबांना एकटं ठेवायची सोय राहिलेली नाही. आज गाडी सोलली, उद्या भिंती सोलतील. तुझ्या सासूबाई जुळ्यांना सांभाळायला हौसेने येतायत, तर येऊ देत. माझं तिकीट रद्द कर." हे बोलताना तिचा आवाज कडक होता, पण ती हसत होती. फडताळातून तिने दोन कप काढले आणि चश्मेवाल्यांना पहिल्यांदाच चार वाजायच्या आतच पूर्वीचे चार वाजल्यासारखं वाटलं.

सोमवारी सकाळी रंगारी गाडी न्यायला आला. चश्मेवाले चपला न घालताच धावत खाली गेले आणि त्याला कोपऱ्यात ओढून हळूच म्हणाले, "हे बघा, रंगाची काही घाई नाही. सहा महिने जाऊ द्यात. मुलगी सारखी फोन करून आईला बोलावते. हे डाग आहेत तोवर बरं आहे."

"मग मला बोलावलं कशाला?"

"मी? मी कुठे बोलावलं?"

"ताईंनी बोलावलं. काल संध्याकाळी फोन आला होता." रंगाऱ्याने गॅलरीकडे बघून आवाज खाली आणला. "तुम्हाला सांगू नका म्हणाल्यात. मुलीला सारखे फोटो पाठवतायत म्हणे, पण त्यांचं म्हणणं, हे डाग फोटोत नीट दिसत नाहीत. बॉनेटवर दोन मोठे करून मागतायत."