घरबसल्या स्वयंपाक, अनुभव नको

वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकीणबाईंचे गुडघे गेले आणि त्यांनी काम सोडायचं ठरवलं. संस्थेच्या इतिहासात नोंद व्हावी अशी ही घटना नव्हती. बाईंनी रीतसर महिनाभर आधी सांगितलं होतं. आश्रमात चाळीसएक म्हातारी माणसं होती, त्यांना दोन वेळा जेवायला लागायचं आणि ते रांधायला एक माणूस लागायचा. व्यवस्थापकाने खडू घेतला आणि फाटकाजवळच्या फळ्यावर लिहिलं, ‘स्वयंपाकी पाहिजे. आत चौकशी करावी.’ दुपारपर्यंत दोघांनी आत चौकशी केली.

अडचणीला सुरुवात इथून झाली.

संध्याकाळी अध्यक्षबाई गाडीतून उतरल्या त्या थेट फळ्यापुढे उभ्या राहिल्या.

“हे काय आहे?”

“स्वयंपाकी पाहिजे, मॅडम.”

“ते मला वाचता येतं. हे वाचणार कोण?”

“रस्त्यावरून जाणारा एखादा. ज्याला स्वयंपाक येतो असा.”

“म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्याला पहिली संधी! मग जे या रस्त्यावरून जातच नाहीत, त्यांचं काय? त्यांच्यावर हा अन्याय नाही?”

व्यवस्थापकाने या अन्यायाचा विचार केलेला नव्हता. कार्यकारिणीने केला. यापुढे संस्थेतलं प्रत्येक पद फक्त इंटरनेटवरच्या जाहिरातीतून भरलं जाईल आणि कर्मचाऱ्यांच्या नातेवाइकांना थेट नेमलं जाणार नाही, असा ठराव एकमताने झाला. फळा ओल्या फडक्याने पुसण्यात आला. चौकशी करून गेलेल्या दोघांना समान संधीच्या तत्त्वानुसार परत पाठवण्यात आलं. त्यातला एक म्हणाला, “मला रांधायला येतं हो, पण इंटरनेट नाही येत.” हे त्याने आपणहून कबूल केल्यामुळे त्याच्या बाबतीत निर्णय घेणं सोपं गेलं.

जाहिरातीचं काम अध्यक्षबाईंच्या भाच्याकडे सोपवण्यात आलं. भाचा कर्मचारी नव्हता, सल्लागार होता. त्यामुळे नातेवाइकांचा ठराव त्याला लागू नव्हता. तो स्वतःला शोधतज्ज्ञ म्हणवून घेत असे. त्याचं शिक्षण किती, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पण बोलताना तो हवेत दोन बोटांनी चौकोन काढायचा आणि त्यामुळे विचारायचा धीर कुणाला व्हायचा नाही.

“मथळा काय लिहिलाय तुम्ही?” त्याने विचारलं.

“‘वृद्धाश्रमासाठी स्वयंपाकी पाहिजे.’”

“तिथेच मेलात! ‘वृद्धाश्रम’ वाचून माणूस उदास होतो. उदास माणूस क्लिक करत नाही. काढा तो शब्द.”

व्यवस्थापकाने तो काढला.

“आता ‘स्वयंपाकी’. हा शब्द कोण शोधतं?”

“स्वयंपाकी.”

“बरोब्बर! आणि असे असून असून किती असणार? मूठभर. त्यांच्या नादाला लागून तुम्ही बाकीचं सगळं जग गमावताय.”

“पण मला एकच माणूस पाहिजे.”

भाच्याने त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. “साहेब, आपल्याला काय पाहिजे ते मथळ्यात लिहायचं नसतं. लोक काय शोधतात ते लिहायचं.” त्याने लॅपटॉप फिरवला. लोक ‘घरबसल्या काम’ शोधत होते. लोक ‘अनुभव नको’ शोधत होते. ‘ताबडतोब नोकरी’ आणि ‘भरपूर सुट्ट्या’ हेही शोधत होते.

“स्वयंपाक घरबसल्या कसा होईल? माणसाला इथे यावं लागेल.”

“आश्रमाच्या दारावर काय लिहिलंय?”

“‘हे घर आपलंच.’”

“मग झालं की घर!”

“आणि बसल्या?”

“एक स्टूल द्या.”

स्टूल भांडारात होतं, त्यामुळे व्यवस्थापकाचा मुद्दा निकालात निघाला. जाहिरात झळकली, ‘घरबसल्या आकर्षक करिअर! अनुभव नको! ताबडतोब संधी!’ स्वयंपाकाचा उल्लेख अगदी तळाशी, सूचनांच्या शेवटी, बारीक अक्षरात होता. तिथपर्यंत कुणी पोहोचत नाही, अशी ग्वाही भाच्याने दिली होती आणि ती खरी ठरली.

अर्जांचा पूर आला. जाहिरात शोधात पहिल्या क्रमांकावर चढली. अध्यक्षबाईंनी पेढीवर, क्लबात आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे ती सगळ्यांना दाखवली. इकडे स्वयंपाकीणबाईंचा महिना भरला. त्या डोळे पुसत सगळ्यांच्या पाया पडून गेल्या आणि दुसऱ्या दिवसापासून आश्रमात पाव, केळी आणि उकडलेले बटाटे सुरू झाले.

मुलाखतींना भूगोलाचे पदवीधर आले, एक नृत्यशिक्षिका आली, विमा विकणारे तिघे आले. व्यवस्थापक प्रत्येकाला विचारायचा, “चाळीस माणसांचा स्वयंपाक जमेल?”

“स्वयंपाक? कसला स्वयंपाक?”

“कामच ते आहे.”

“असं फसवून बोलावता का हो माणसांना?” नृत्यशिक्षिका रडवेली झाली. तिने दोन बस बदलल्या होत्या. व्यवस्थापकाने तिला एक केळं दिलं.

आश्रमात एक निवृत्त हेडमास्तर होते. सगळे त्यांना सर म्हणत. बटाट्याचं ताट पुढे आलं की ते चष्मा काढून ठेवत. “दिसलं नाही म्हणजे जरा बरं लागतं,” असं त्यांचं म्हणणं. मोठ्या खिडकीच्या खोलीत राहणाऱ्या आजींनी मात्र ताटाला हातच लावणं सोडलं. त्या तक्रार करत नसत. “भूकच नाही रे बाबा,” एवढंच म्हणत आणि पदराआड दोन केळी चिमण्यांसाठी ठेवत. आठवड्याला येणारे डॉक्टर आजींचं मनगट धरून व्यवस्थापकाला म्हणाले, “हे असंच चाललं तर मला औषध लिहून द्यायला माणूस उरणार नाही.”

व्यवस्थापकाला रात्री झोप लागेना, आणि त्याला कारणही होतं. त्याच्या स्वतःच्या घरात, हॉलमधल्या दिवाणावर, एक स्वयंपाकी झोपलेला होता. त्याचा मेहुणा. एका वसतिगृहाची खानावळ तो कित्येक वर्षं चालवत होता. वसतिगृह बंद पडलं तेव्हा तो चार दिवसांसाठी म्हणून बहिणीकडे आला आणि ते चार दिवस काही संपेनात. माणूस मनाने चांगला, रांधायला झपाट्याचा, पण मिठाला हात सैल. व्यवस्थापकाची आई पहिल्या घासालाच म्हणायची, “अरे, तू स्वयंपाक शिकलास कुठे, मिठागरात?” आणि तरीही ताट चाटूनपुसून संपवायची.

“अहो, घरात माणूस असताना बाहेर कशाला शोधताय?” बायको म्हणाली. “म्हातारी माणसं उपाशी, माझा भाऊ रिकामा. दोन्ही दुःखं एका घासात मिटतील.”

“थेट नेमता येत नाही. ठराव आहे. त्याने जाहिरात बघून अर्ज केला तर मात्र कुणी हरकत घेऊ शकत नाही.”

मेहुणा उठून बसला. “भावजी, मी रोज शोधतो. ‘स्वयंपाकी’ म्हणून टाकतो. तुमचं काही दिसत नाही.”

“तसं शोधून दिसणार नाही. ‘घरबसल्या’ म्हणून शोध.”

“घरबसल्या तर मी आहेच! त्यासाठी अर्ज कशाला?”

व्यवस्थापकाने त्याला जाहिरात उघडून दिली. मेहुण्याने ती दोनदा वाचली. “ही शिकलेल्या लोकांची नोकरी दिसते. यात स्वयंपाक कुठंय?”

“आहे. खाली जा. अजून खाली. अजून.”

तिघांनी मिळून अर्ज भरला. खानावळीतली सगळी वर्षं लिहिली, भांडी किती मोठी होती तेही लिहिलं. व्यवस्थापक त्या रात्री बऱ्याच दिवसांनी झोपला. सकाळी उत्तर येऊन पडलं होतं. अर्ज वाचायला भाच्याने यंत्र बसवलं होतं आणि यंत्राने जाहिरात शब्दशः वाचली होती. ‘आपण दाखवलेल्या आस्थेबद्दल आभार. या पदासाठी अनुभव नको आहे. आपल्याकडे तो आढळून आल्यामुळे आपला विचार करता येत नाही.’

“अनुभवाची अट नाही, असा त्याचा अर्थ होता!” व्यवस्थापक भाच्यावर ओरडला. नोकरीत पहिल्यांदाच तो कुणावर तरी ओरडला होता.

“मग तो मथळा लांबला असता,” भाचा शांतपणे म्हणाला. “मेहुण्यांना सांगा, अनुभव लपवून पुन्हा भरा. बरेच जण तसं करतात.”

मेहुण्याने साफ नकार दिला. “चोरी केली असती तर लपवली असती. रांधलंय, ते कशाला लपवू?” आणि तो तोंड फिरवून दिवाणावर आडवा झाला.

एव्हाना अर्ज इतके साचले की यंत्रालाही ते आवरेनात. छाननीसाठी दहाबारा उत्साही तरुण-तरुणी घेण्यात आल्या. त्यांना बसायला जागा हवी होती. आश्रमात रिकामी खोली एकच होती, ती म्हणजे स्वयंपाकघर. शेगड्या उचलण्यात आल्या, ओट्यावर संगणक मांडण्यात आले, आणि चिमणीखाली भाच्याची खुर्ची आली, कारण तिथे हवा खेळती होती. उमेदवारांना थांबायला जेवणाचा हॉल देण्यात आला. रहिवाशांनी पाव आपापल्या खोलीतच खावा, अशी विनंती करण्यात आली.

“म्हणजे आता स्वयंपाकी सापडला तरी तो रांधणार कुठे?” सरांनी व्यवस्थापकाला विचारलं.

व्यवस्थापकाने हा प्रश्न कार्यकारिणीपुढे ठेवला. भाच्याने हवेत मोठा चौकोन काढला. “मुळात पद भरायचंच का? भरलं की जाहिरात उतरवावी लागेल. पहिला नंबर जाईल. हे उभं करायला आपल्याला किती कष्ट पडलेत!” कार्यकारिणीतल्या सगळ्यांना ते कष्ट आठवले. पद रिक्त ठेवूनच जिवंत ठेवावं, असं ठरलं.

दोनच दिवसांनी छाननीवाले कुरकुरू लागले. बाहेरचं खाऊन त्यांची पोटं बिघडली होती. त्यांच्यातली एक मुलगी दारातून जाणाऱ्या व्यवस्थापकाला सहज म्हणाली, “काका, तुमच्या ओळखीत कुणी स्वयंपाकी आहे का हो?”

व्यवस्थापक थबकला. त्याने आजूबाजूला पाहिलं. ठराव आश्रमाच्या पदांसाठी होता; पोरांनी आपापसात वर्गणी काढून माणूस ठेवायला त्यात मनाई नव्हती. “आहे,” तो म्हणाला. “मीठ थोडं जास्त पडतं.”

“चालेल की!”

दुसऱ्या दिवसापासून मेहुणा बहिणीच्या स्वयंपाकघरात मोठी पातेली चढवू लागला. तो पोरांच्या गरजेच्या पाचपट रांधायचा, सगळं हातगाडीवरून आश्रमात यायचं आणि पोरांचं जेवून उरलेलं रहिवाशांच्या खोल्यांत जायचं. कागदोपत्री रहिवाशांना जेवण मिळत नव्हतं; फक्त शिल्लक राहिलेल्या अन्नाची विल्हेवाट लागत होती. सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. खिडकीवाल्या आजींनी पहिल्याच दिवशी भात मागून घेतला. “खारट आहे मेलं,” त्या म्हणाल्या आणि आणखी वाढायला सांगितलं. व्यवस्थापक कोपऱ्यात जाऊन उगाच नाक शिंकरत बसला. अन्नाची नासाडी थांबवल्याबद्दल त्या वर्षी अध्यक्षबाईंचा सत्कार झाला.

पण बटाट्यांच्या दिवसांची बातमी तोवर बाहेर फुटली होती. खिडकीवाल्या आजींची मुलगी येऊन थडकली, आईचे दंड पाहून तिला रडू फुटलं आणि ती आईचं गाठोडं उचलून तिला घेऊनच गेली. मग आणखी एकाचा मुलगा आला, मग कुणाची पुतणी. सहा खोल्या रिकाम्या झाल्या. म्हातारी माणसं आपल्या माणसांत गेली, याबद्दल कार्यकारिणीने तातडीची बैठक बोलावून चिंता व्यक्त केली.

रिकाम्या खोल्यांची जाहिरात लिहायला भाचा बसला. ‘वृद्धाश्रमात जागा आहे’ हे कुणी शोधणार नव्हतं, हे आता व्यवस्थापकालाही कळत होतं. “मग लोक काय शोधतात?” त्याने विचारलं.

भाच्याने लॅपटॉप फिरवला. या खेपेला त्याने चौकोन काढला नाही. पडद्यावर ओळी होत्या. ‘आई सारखी तेच तेच बोलते काय करावे.’ ‘वडिलांना किती दिवस एकटे ठेवता येते.’ ‘आईला न दुखावता आश्रमात कसे पाठवावे.’

“कोण शोधतं हे?”

“नावं दिसत नाहीत. एवढंच कळतं की माणसं याच शहरातली आहेत, बरी शिकलेली आहेत आणि बहुतेक दुपारी कामावरून शोधतात. वाचून झालं की लगेच पुसून टाकतात.” त्याने शेवटची ओळ उचलून मथळ्यात घातली. “आता तुमच्या मोबाइलवर बघा बरं, आपण वर येतो का. ‘आईला’ एवढंच टाका.”

व्यवस्थापकाने मोबाइल काढला आणि पहिलं अक्षर दाबलं. पुढची सगळी ओळ मोबाइलने आपणहून पूर्ण करून दिली.

घरात हा मोबाइल तिघं वापरतात, असं त्याने भाच्याला सांगितलं. भाच्याने काही विचारलं नव्हतं.

जाहिरात उत्तम चालली आहे. पाहणारे रोज वाढताहेत, फोन मात्र अजून कुणी केलेला नाही. तुमच्या मोबाइलवर ती किती वर येते, हे संस्थेला जाणून घ्यायला आवडेल. पहिलं अक्षर टाकून बघा. फक्त शेजारी कुणी बसलेलं नाही ना, तेवढं आधी पाहून घ्या.