गाडीची चहाडी

टिण्ण! चहाचा चमचा ओट्यावरून फरशीवर पडला. आवाज तो केवढा! पण घरातली चौघंही होती तिथेच थिजली. नाना एक पाय चपलेत घालून, थोरली मुलगी रंगकांडी हवेत धरून, नवरा गाडीच्या माहितीपुस्तिकेचं पान अर्धवट उलटून. आणि जिच्या हातून चमचा पडला ती, डोळे घट्ट मिटून.

पाळण्यातून आधी कुरकुर आली, मग भोंगा.

"गेलं," नाना म्हणाले. "आता नाही झोपायचं ते."

तीन वाजून गेले होते आणि चार वाजता तिला फोन येणार होता. औषधाच्या खोक्यात घडी घातलेला कागद असतो ना, त्यावरचा मजकूर छपाईआधी तपासायचं काम ती पूर्वी करायची. थोरलीच्या वेळी सोडलं, मग धाकटं आलं, आणि राहूनच गेलं. आज पाच वर्षांनी तिथल्या मॅडम तिच्याशी बोलणार होत्या. परत घ्यायचं की नाही, ते त्या फोनवर ठरणार होतं. तेवढी वीस मिनिटं बाळानं झोपावं, एवढंच तिचं मागणं होतं.

बाळ हमखास झोपायचं ते गाडीत.

"चला सगळे," ती म्हणाली. "एक चक्कर मारू. डोळा लागला की परत."

गाडी नवी होती. पुढच्या गाडीपासून स्वतःच अंतर राखायची, वेग कमी-जास्त करायची, रस्त्यावरचे पांढरे पट्टे बघून त्यांना धरून चालायची. शिवाय बोलायची. नवऱ्यानं तिची पुस्तिका पहिल्या पानापासून चारशे बाराव्या पानापर्यंत दोनदा वाचली होती. इतक्या मन लावून त्यानं लग्नाआधीची बायकोची पत्रंही वाचली नव्हती. चालवायला तीच बसली, कारण त्याला मागे मुलांजवळ बसून, पुस्तिकेतलं सगळं प्रत्यक्षात घडतंय का ते ताडून बघायचं होतं. पुढे शेजारी नाना, म्हणजे तिचे सासरे. बत्तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले. दुसरं कोणी चालवत असलं की त्यांचा उजवा पाय रिकाम्या जागी ब्रेक दाबत राही.

"हात हलका ठेव गं," मागून सूचना आली. "तिला करू दे तिचं काम."

"मग सूनबाई काय शोभेला बसलीय तिथे?" नाना म्हणाले.

दुसऱ्या चौकात बाळ झोपलं. तिनं सुटकेचा श्वास सोडला. आता पुढच्या चौकातून वळायचं आणि घरी जायचं, की झालं. पण पुढच्या चौकाआधीच समोर आला रस्त्यावर पट्टे मारणारा ट्रक.

तो माणसाच्या चालीनं सरकत होता. डावीकडे नारिंगी शंकू मांडलेले, उजवीकडे ओला पांढरा पट्टा. गाडीनं गुणी मुलीसारखा त्याच्यामागे तोच वेग धरला.

"टाक मागे त्याला," नाना म्हणाले.

"रंग ओला आहे, नाना."

"माझी बस असती तर..."

"तुमच्या बसमागेच लोक असे रांगत जायचे, नाना," नवरा म्हणाला.

ट्रकच्या मागच्या फळीवर एक रंगारी रंगाच्या यंत्राचा दांडा धरून बसला होता. थोरलीनं त्याला हात केला. त्यानंही केला. तिनं दोन्ही हात केले. तो हसला, आणि त्यानं जोरजोरात हात हलवला. दांड्यावरचा दुसरा हातही त्याबरोबर हलला आणि पट्ट्याला एक छानसा बाक आला. गाडीनं तो बाक इमानानं गिरवला. थोरलीनं पुन्हा हात केला. पट्टा पुन्हा वळला, गाडीही वळली. असं चार-पाच वेळा झाल्यावर गाडीनं गंभीर आवाजात जाहीर केलं, "चालक झोपाळलेला वाटतो. कृपया विश्रांती घ्या."

"मी झोपाळलेली?" ती म्हणाली. "अरे, तुझी ही गाडीच त्या पट्ट्यामागे नाचतेय!"

"तिला तसं वाटणं बरोबर आहे. पान दोनशे सोळा."

"तिचं तोंड कसं बंद करायचं ते सांग. चार वाजतायत!"

"बघतो. पान तीनशे नव्वद..." त्यानं पानं उलटली. "इथं लिहिलंय, पान बारा पाहा."

तेवढ्यात फोन वाजला. आणि फोन गाडीनंच उचलला. तीही सोय त्यानंच करून ठेवली होती.

"नमस्कार," मॅडमचा आवाज गाडीभर घुमला. "बोलू शकता ना आता?"

"हो, हो मॅडम," ती हळू आवाजात म्हणाली.

"तुमचं जुनं काम मला माहीत आहे. पण मध्ये पाच वर्षं गेली, घरी दोन लहान मुलं. आपल्याकडे एक शून्य नजरेतून सुटलं तर काय होतं, तुम्हाला ठाऊक आहे. तेवढं लक्ष अजून लागेल?"

"नक्की लागेल, मॅडम."

"चालकाचं लक्ष विचलित झालं आहे," गाडी म्हणाली.

मॅडमचा आवाज चढला. "कोण बोललं हे?"

"गाडी बोलली," नाना वाकून म्हणाले. "खोटारडी आहे, बाई. तुम्ही मनावर घेऊ नका."

तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. गेली नोकरी, हे तिला कळून चुकलं. समोर ट्रक थांबला, गाडीही थांबली. रंगाऱ्यानं आणि त्याच्या जोडीदारानं रस्त्यावर बाणाचा पत्र्याचा साचा ठेवला आणि रंगाची बादली उचलली.

"सध्या रोज किती तास झोप..." मॅडम विचारत होत्या.

"एक मिनिट, मॅडम!" तिनं काच खाली केली, हॉर्न दाबला आणि अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल अशी ओरडली, "अहो, थांबा! साचा उलटा ठेवलाय तुम्ही! बाणाचं टोक आमच्याकडे आलंय! लोक समोरून घुसतील ना या बाजूनं!"

रंगाऱ्यानं साच्याकडे पाहिलं, मग ट्रकच्या तोंडाकडे, मग कपाळाला हात लावला. कपाळावर पाच पांढरी बोटं उमटली.

"मला दिसलं नाही," नाना पुटपुटले.

"गाडीलाही नाही," नवऱ्यानं पुस्तिकेत बोट घालून कबूल केलं.

"मला मात्र सगळं ऐकू आलं," मॅडम म्हणाल्या. त्या हसत होत्या. "सोमवारपासून या. रोज सकाळचे चार तास. आणि त्या गाडीला घरी ठेवा."

फोन बंद झाला. चमच्याच्या आवाजानं उठलेलं बाळ हॉर्नलाही हललं नव्हतं. तोंड उघडं टाकून ते निवांत झोपलं होतं. तिनं डोळ्यांच्या कडा पदरानं नाही, थोरलीच्या पडून राहिलेल्या टोपीनं पुसल्या.

"बघ, सगळं नीट झालं," नवरा म्हणाला. "आता घरी गेल्यावर मस्त चहा कर सगळ्यांना."

"आणि थोडं काहीतरी तळ सोबत," नाना म्हणाले.

"चालक थकलेला आहे," गाडी म्हणाली. "कृपया विश्रांती घ्या."

या वेळी गाडीला कोणी खोटारडी म्हणालं नाही. पुस्तिकेचं पानही वाजलं नाही. थोरली पुढे झुकली आणि बाळ उठू नये म्हणून आईच्या कानाशी कुजबुजली. पण तिची कुजबुज ट्रकपर्यंत ऐकू जाण्यासारखी असे.

"आई, तू दमलीस ते गाडीला कळतं. मग बाबांना आणि आजोबांना का नाही कळत?"

ट्रक हलला. आईनं समोरच्या पट्ट्यावरची नजर काढली नाही; याचं उत्तर तिनं द्यायचं नव्हतं.