रंगनाथतात्यांच्या कानाचं दार

रंगनाथतात्यांनी पहिल्या भेटीत मला ना चहा विचारला, ना गाव विचारलं. शिंप्याची टेप काढली आणि माझ्या कानांची मापं घेतली. आधी उजवा, मग डावा, मग डोक्यावरून एका कानापासून दुसऱ्यापर्यंत. मापं खडूने भिंतीवर लिहिली. त्या भिंतीवर अख्ख्या शनिशिंगणापूरचे कान नोंदलेले होते. सरपंचाचे होते, पुजाऱ्याचे होते, एका बैलाचेही होते.

"बैलाचे कशाला?" मी विचारलं.

"तुलनेला," तात्या म्हणाले. "गुरुजी, तुमचा डावा कान पाव इंच खाली हाय. तुमाला जपानी हेडफोन बसायचा न्हाई."

मी शाळेवर नुकताच बदलून आलो होतो. या गावात घरांना दारं नसतात हे ऐकून होतो. पण मालकाने नुसती चौकट दाखवून "हे तुमचं दार" म्हटलं, तेव्हापासून आठवडाभर मी ट्रंकेवर बसूनच जेवत होतो. त्या धक्क्यातून सावरतोय तोवर शेजारी हा माणूस निघाला.

तात्या फौजेत सिग्नलला होते. सतरा वर्षं कानाला हेडफोन लावून निरोप टिपले. पेन्शनीत आले तरी कान उघडे ठेवायची सवय राहिली नव्हती. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. घरात एक चूल, एक घडवंची, आणि घडवंचीवर त्यांनी स्वतः बांधलेला काचेच्या व्हॉल्व्हांचा अॅम्प्लिफायर. तो तासभर चालला की इतका तापे, की त्यावर समोरच्या पारूबाईने एकदा वांगं भाजलं. भरीत मी स्वतः खाल्लंय. त्याला बातम्यांचा किंचित वास होता.

वर भिंतीला खुंट्यांवर हेडफोन. पहिला नगरच्या लष्करी भंगारातला, रणगाड्यात घालायचा. वजन दगडी पाट्याएवढं. "ह्यात कुनीबी बोललं तरी हुकूम वाटतो," तात्या सांगत. दुसरा जपानी. "ह्यात समदे नाकात बोलत्यात." तिसरी खुंटी रिकामी होती. ती जर्मन हेडफोनची. एका जुन्या साहेबाला पत्रांवर पत्रं लिहून तात्यांनी तो मिळवायचा घाट घातला होता.

पण हेडफोन नुसता मिळून भागत नाही, हे मला तात्यांनी शिकवलं. हेडफोनला ओहमचा एक आकडा असतो, अॅम्प्लिफायरलाही असतो. दोन्ही जुळले तर आवाज खुलतो. न जुळले तर गळा दाबल्यासारखा येतो, नाहीतर काहीतरी जळतं. हे एक शास्त्र त्यांनी साऱ्या जगाला लावलं होतं. लग्न ठरवायला लोक पत्रिका घेऊन जात, तात्या वाटेत गाठून म्हणत, "गुन जुळवा, पर आधी ओहम बघा. दोघंबी चांगली आसत्यात, गुरुजी. जोड चुकीची पडती."

हे शास्त्र त्यांनी स्वतःच्या पोरीवरही चालवलं. ते मला पारूबाईने सांगितलं. तात्यांना दोन वेळची भाकरी तिच्याकडून येई, आणि भाकरीबरोबर बोलणंही.

"इंदूनं नागापूरच्या कारखान्यातला लेथवाला पसंत केला," पारूबाई म्हणाली. "सोन्यासारखं पोरगं. ह्यांनी म्हनं ओहम जुळत न्हाई. ती उंबऱ्यात हुबी ऱ्हाऊन बोलत हुती, आन् ह्या बाबानं दोन्ही कानांवर तो रनगाडा चढवला. काढला तवा उंबरा रिकामा. तीन वर्सं झाली."

"काय बोलत होती ती?"

"मी ऐकलंय. त्यांनी आजून मला इचारलं न्हाई."

दुष्काळाच्या साली, सारं गाव खडी फोडायला जात असताना, जर्मन हेडफोन आला. मी सांगतो, तसली वस्तू मी पाहिली नव्हती. काळाभोर, गादीला चामडं, कान आत गेला की घरजावई झाल्यासारखा बाहेर यायचं नाव घेत नसे. पण त्याचा ओहम सहाशे आणि अॅम्प्लिफायरचा आठ. मधे ट्रान्सफॉर्मर हवा, आणि तो तात्या हाताने गुंडाळू लागले. केसाएवढी तार, दोन हजारांच्या वर वेढे, एकेक मोजून.

आता, दार नसलेल्या घरात दोन हजारांपर्यंत मोजून दाखवा. तात्या अकराशे चाळीसवर आले की कोणीतरी आत. "राम राम तात्या, किती वाजले?" तात्या सवयीने सांगत, "साडेचार." मग वेढा साडेचार की अकराशे चाळीस, ते शनिदेवालाच ठाऊक. पुन्हा एकपासून. एकदा एकोणीसशे नव्वदवर पारूबाईने विचारलं, "तात्या, भाकरी दोन का तीन?" तात्या "तीन" म्हणाले आणि चौथा वेढा टाकला. मी हे डोळ्यांनी पाहिलं आणि घरी येऊन अर्धा तास पडून राहिलो.

"त्या डब्यापरीस एक म्हस पाळली असती तर दूध तरी निघालं असतं," पारूबाई म्हणाली.

चार महिन्यांनी जोड जमली. पहिला मान माझा, पाव इंच खालच्या कानासकट. शाळेचा हजेरीपट बाजूला ठेवून मी बसलो. रेडिओवर शेतकऱ्यांसाठी कार्यक्रम चालला होता. मी हादरलो. निवेदक माझ्या डोक्याच्या आत बसून बोलत होता. त्याने पान उलटलेलं ऐकू आलं. त्याची खुर्ची एका पायाने लंगडी होती. सकाळी त्याने कांदा खाल्ला होता, हेही मला कळलं, अशी माझी आजही खात्री आहे.

हेडफोन काढला तर समोर पारूबाईची शेळी उभी. तिच्या तोंडात तिसरीचा हजेरीपट, आडनाव 'म' पर्यंत संपलेला. मागे पारूबाई कमरेवर हात ठेवून. "किती वरडायचं, गुरुजी? बहिरं झालात का?"

मी पटाकडे बघत होतो. तात्या माझ्याकडे.

"शेरडी आलेली ऐकली न्हाई तुमी?"

"नाही."

"हिचं वरडनं?"

"काही नाही. तात्या, काय जोड जमलीय."

तात्यांनी हेडफोन घेतला, स्वतःच्या कानांवर चढवला, पुन्हा उतरवला. "गुरुजी, बाहेर जा. उंबऱ्यात या आन् मला हाक मारा."

"तात्या म्हणून?"

ते गादीचं चामडं चाचपत राहिले. "आबा म्हना," म्हणाले.

इंदू गेल्यापासून तात्यांना गावात आबा कोणी म्हणत नव्हतं. पारूबाईने शेळीची दोरी आखडून धरली. तात्या हेडफोन चढवून पाठमोरे बसले. मी उंबऱ्यात उभा राहून म्हटलं, "आबा." मग जरा मोठ्याने. मग वर्गात ओरडतो तसं. पाठ हलली नाही.

तात्यांनी वळून माझं तोंड उघडं पाहिलं आणि हेडफोन उतरवला. "किती डाव हाक मारली?"

"तीनदा."

"दार असतं," ते म्हणाले, "तर जाताना आपटून तरी गेली असती. आवाज आला असता."

मग ते उठले, कोनाड्यातून गिरमिट काढलं आणि त्या जर्मन हेडफोनच्या पाठीला भोक पाडायला बसले. मी हात धरला. "तात्या, आवाज जाईल. खर्ज सगळा निघून जाईल."

"जाऊ द्या. खर्ज काय घरी येनार हाय व्हय?"

एका बाजूला आठ भोकं, दुसऱ्या बाजूला आठ. काळा भुगा मांडीवर पडत होता. मग हेडफोन चढवून पुन्हा मला उंबऱ्यात पाठवलं. पहिल्या हाकेला काही नाही. दुसऱ्या हाकेला त्यांची मान अशी झटक्याने वळली, की मी तिसरी हाक मारलीच नाही.

"बास," ते म्हणाले. "आता जुळला."

पारूबाई शेळी ओढत निघाली होती. चौकटीपाशी ती थांबली. "तात्या, ती काय म्हनत हुती, सांगू?"

तात्यांनी मांडीवरचा भुगा झाडला. "नगं," म्हणाले. "तिच्याच तोंडून ऐकीन."

त्यानंतरही मी त्यांच्याकडे जात असे. पाऊल वाजलं की ते तशीच झटक्याने मान वळवत, आणि मला बघून म्हणत, "तुमी व्हय. या, बसा." ते 'तुमी व्हय' मला चार-पाच दिवसच झेपलं. मग मी गल्लीच्या तोंडापासूनच ओरडत जाऊ लागलो, "तात्या, मी गुरुजी. मीच आहे."

गाव म्हणालं, नवे मास्तरही बिघडले.