कागद हलका, नावं सगळी

लग्नपत्रिका हातात दिली की माणसं ती उघडतात. वैजनाथअप्पा उघडत नाहीत. ते ती आधी उजव्या तळहातावर ठेवतात, डोळे मिटतात, हात दोनदा वरखाली करतात आणि सांगतात, "चाळीस ग्राम. पोरीच्या बापाला झेपंना गेलंय." मग पत्रिका उघडतात आणि खालून वर वाचायला लागतात. आधी 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी चिल्लीपिल्ली, मग मामा, मग काका, मग आईवडील. नवरा-नवरीपर्यंत पोचेस्तोवर चहा गार झालेला असतो.

अप्पा भालकीत आमच्या शेजारी राहतात. एकटेच. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी पुण्यात असते. त्यांची सगळी नोकरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेली. उसाची गाडी काट्यावर चढायच्या आत तिचं वजन मी सांगायचो, असं ते सांगतात. दुसरं कुणी तसं सांगितल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. निवृत्त झाल्यावर तोलायला ऊस उरला नाही, तेव्हा ते पत्रिकांकडे वळले. गल्लीत कुणाचं लग्न ठरलं की अप्पा दारात उभे, "प्रेसला कधी जायलाव?"

'वजन हलकं करा' हे त्यांचं पालुपद. ते पत्रिकेला लागू असतं, भाषणाला असतं, जेवणाच्या यादीलाही असतं. एकदा डॉक्टरांनी त्यांनाच वजन कमी करायला सांगितलं, तर यांनी डॉक्टरांना त्यांचा काटा तपासून घ्यायला सांगितलं.

आमच्या गल्लीतल्या एका आडत दुकानदाराला मुलाच्या लग्नात पेटीवाली पत्रिका काढायची होती. वर मखमल, आत काजू-बदामाचे कप्पे, मधोमध चकचकीत गणपती. अप्पांनी वाद घातला नाही. त्यांनी प्रेसमधल्या पंचवीस पेट्या एका पोत्यात भरायला लावल्या आणि शेठजींना म्हणाले, "हे घेऊन बसस्टँडपर्यंत चला. उदगीर-लातूरचे पावणे हायत न्हवं तुमचे? बसमध्ये चढून बगा." शेठजी निम्म्या वाटेवरून घामाघूम होऊन परत आले आणि साधी पिवळी पत्रिका पसंत केली. त्यांच्या बायकोनं अप्पांशी दोन महिने बोलणं टाकलं. पण धाकट्याचं ठरलं तेव्हा पहिला निरोप अप्पांनाच आला.

कागदाच्या बाबतीत इतका चिकट माणूस नावांच्या बाबतीत मात्र भलताच सैल. सोनेरी शाई नको, गोंडा नको, पण नाव एकही गाळायचं नाही. चुलत, मावस, आते, सगळे आले पाहिजेत. प्रेसवाला म्हणायचा, "अप्पा, जागा न्हाई." अप्पा म्हणायचे, "अक्षर बारीक कर. माणूस कामून बारीक करायलास?"

गेल्या वर्षी माझ्या मुलीचं, पल्लवीचं लग्न ठरलं. मी हायस्कुलात मास्तर, ती कलबुर्गीला नोकरीला, मुलगा उदगीरचा. मला परवडेल अशी पत्रिका हवी होती. पल्लवीला तिच्या पसंतीची हवी होती. तिची पसंती म्हणजे पांढऱ्या कागदावर दोघांची नावं, तारीख आणि खाली एक निळं फूल. बस्स.

"आणि काका? मामा?" प्रेसमध्ये अप्पांनी विचारलं.

"अप्पा, ही लग्नपत्रिका हाय, रेशनकार्ड न्हाई," पल्लवी म्हणाली.

अप्पा हसले नाहीत. त्यांनी प्रेसवाल्याच्या टेबलावरचा एक कोरा कागद घेतला आणि मधोमध दुमडला. "हे बग. वर तुझं फूल, तुमची दोघांची नावं. कुणी बोट लावायचं न्हाई. आत उघडलं की एका बाजूला मराठी, एका बाजूला कन्नड. तुझ्या कलबुर्गीच्यांना वाचता आलं पायजे. नावं सगळी आत. कागद साधाच. बारा ग्राम भरंल."

पल्लवीनं कागद उलटसुलट करून पाहिला. "फुलाजवळ कुणाचं नाव येणार न्हाई?"

"देवाचं सुद्धा न्हाई. देव आत."

तिला ते पटलं. मलाही पटलं, कारण खर्चही बसत होता. मग मी नावांची यादी वाचायला घेतली. मंठाळच्या चुलत भावाचं नाव त्यात मुद्दामच नव्हतं. विहिरीच्या पाण्यावरून आमचं बिनसलं होतं आणि तो मला चारचौघांत वाटेल ते बोलला होता. अप्पांना आमचं सगळं खानदान पाठ. त्यांनी लगेच विचारलं, "मंठाळवाले?"

"ऱ्हाऊ द्या. तो येणार न्हाई."

"यायचं का न्हाई ते त्यो ठरवंल. तुम्ही नाव घाला."

"अप्पा, लग्न माझ्या पोरीचं हाय."

"नाव घाला म्हणलो न्हवं, मास्तर!" अप्पा एकदम ओरडले. मशीन चालवणारा माणूस थांबून बघायला लागला. बारा वर्षांच्या शेजारात त्यांचा आवाज चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला. तमाशा नको म्हणून मी नाव घातलं.

पत्रिका छापून आल्या. वाटायला सुरुवात झाली, तशी एका सकाळी अप्पा आले आणि म्हणाले, "एक कोरी द्या." मी दिली. त्यांनी खिशातलं पेन काढून पाकिटावर सावकाश लिहिलं, 'श्री. नागनाथ व परिवार, हळ्ळीखेड (बी)'.

"हे कोण? आमचं तिथं कुणी न्हाई."

"माझा धाकटा भाऊ हाय," अप्पा म्हणाले. "मला गाडीवर घेऊन चला."

त्यांना भाऊ आहे हे मला माहीत नव्हतं. माझं खानदान त्यांना पाठ होतं, त्यांचं मी कधी विचारलंच नव्हतं.

वाटेत चहाला थांबलो तेव्हा त्यांनी सांगितलं. मुलीच्या लग्नात त्यांनी झकास पत्रिका काढली होती. जाड कागद, सोनेरी वेलबुट्टी. प्रेसवाला म्हणाला, काकांची पाचच नावं घाला, सुबक दिसंल. "मी नागनाथचं काढलो. वाटलं, आपल्याच माणसाचं नाव कामून घालायचं? त्यो तर घरचाच हाय. लांबच्यांची घातलो. त्यो लग्नाला आला न्हाई. मी बी म्हणलो, न्हाई तर न्हाई." मग कपातला चहा तसाच ठेवून ते उठले. "चला. ऊन व्हायलंय."

नागनाथअप्पा घरापुढच्या अंगणात तुरीचं बियाणं निवडत बसले होते. चेहरा अगदी अप्पांचा, फक्त थोडा वाळलेला. अप्पा फाटकाशीच थांबले. आत या असं कुणी म्हणालं नाही. त्यांनी पत्रिका दोन्ही हातांनी पुढे केली.

"लग्नाला या म्हणून सांगायला आलोय."

नागनाथअप्पा उठून आले, पत्रिका घेतली, पाकिटावरचं आपलं नाव बघितलं. बराच वेळ बघितलं. "कुणाचं लगीन?"

"मास्तरांच्या पोरीचं. माझे शेजारी हायत."

"शेजाऱ्याच्या लग्नाचं बोलावणं घेऊन माझ्या दारात आलास?"

"माझ्या घरात आता लगीन उरलं न्हाई, नागनाथ," अप्पा म्हणाले. "दुसरं काय घेऊन येऊ?"

नागनाथअप्पांनी फाटकाची कडी काढली आणि परत जाऊन तुरीपाशी बसले. अप्पा आत गेले आणि भावाच्या समोर खाली जमिनीवर बसले. थोड्या वेळानं त्यांनीही सुपातली मूठभर तूर पुढे ओढली आणि खडे निवडायला लागले. पाऊस कुठवर झाला, तुरीला यंदा काय भाव निघंल, एवढंच बोलणं चाललं होतं.

मी ओसरीवर पाणी पीत बसलो. नागनाथअप्पांची बायको स्वयंपाकघराच्या दारात आली, पदर सारखा केला आणि हळूच मला म्हणाली, "जेवूनच जावा. पर भावजींना तिखट चालतंय का आता? तुम्ही शेजारी हाव, तुम्हाला ठावं असंल."

मला ठाऊक नव्हतं. बारा वर्षांत मी त्यांना कधी जेवायला बोलावलं नव्हतं. मी काहीतरी सांगणार, तेवढ्यात अंगणातून नागनाथअप्पा मान वर न करता म्हणाले, "कमी घाल. त्याला ल्हानपणापासून सोसत न्हाई."