बिनकारणाचा नाच

हिंमतआप्पांच्या घरी पाहुण्याला पाण्याच्या आधी इअरफोन मिळतो. तोही एकच. दुसरा आप्पांच्या स्वतःच्या कानात असतो आणि मधली वायर जेमतेम दीड हात, त्यामुळे कुठलाही नवखा माणूस लोणखेड्यात आल्याआल्या ओट्यावर आप्पांच्या गालाला गाल लावून बसलेला दिसतो. खतं विकणारे असे बसलेत, पपईचे व्यापारी बसलेत, एकदा बँकेचे मॅनेजर टायसकट बसलेत. मतदारयादी घेऊन आलेल्या मॅडमना मात्र आप्पांनी दोन्ही इअरफोन दिले आणि स्वतः चार हात लांब जाऊन उभे राहिले. तेवढी मर्यादा ते पाळतात.

"ऐकी ले," एवढंच ते म्हणतात.

ऐकायचं काय, तर ठोका. धप्, धप्, धप्, धप्. पाच मिनिटं झाली तरी धप् धप् सोडून दुसरं काही नाही. पाहुणा चुळबुळ करायला लागला की आप्पा त्याचा गुडघा दाबून धरतात. "थांब ना भो, येई ऱ्हायना तो!" तो म्हणजे खालचा जाड आवाज, बेस. तो आला की आप्पा डोळे मिटतात आणि विहिरीला पाणी लागल्यावर माणसाचा चेहरा होतो तसा त्यांचा चेहरा होतो. पाहुण्याचा होत नाही. तो पाणी मागतो.

मी आप्पांचा शेजारी. कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये सहायक आहे, म्हणून आवाज, वायर आणि वीज या तिन्ही बाबतीत गल्ली मला जबाबदार धरते. आप्पांना हा नाद मी लावला असाही माझ्यावर आरोप आहे. तो खोटा आहे. नाद ठिबक सिंचनाने लावला. तीन वर्षांमागे आप्पा पपईच्या वावरात बसून मोबाइलवर ठिबकचा फिल्टर कसा धुवावा याचा व्हिडिओ बघत होते. व्हिडिओ संपला. आप्पांचे हात फिल्टरमध्ये, मोबाइल बांधावर. त्यामागून आपोआप दुसरं काहीतरी सुरू झालं आणि ते दोन तास चाललं. आप्पांनी बांधावरून फोन उचलला तेव्हा सगळे फिल्टर धुऊन झाले होते, शेजारच्या वावरातलेसुद्धा.

त्या संगीताला हाऊस म्हणतात हे त्यांनी स्वतःच शोधून काढलं. बासष्टाव्या वर्षी. त्याआधी या माणसाला गाण्याचं काही सोयरसुतक नव्हतं. भजनाला बसले तरी दाराजवळ बसायचे.

"यामाच काय शे एवढं?" मी एकदा विचारलं.

"या गानामा कोनी काही मांगस नही," आप्पा म्हणाले. "बाकीना गाना ऐक. कोनी दिल मांगस, कोनी पानी मांगस, कोनी देवपाशी मांगस. हाई आपलं चाली ऱ्हायनं."

चांगलं हाऊस आणि वाईट हाऊस ओळखायची त्यांची पद्धतही शेतातलीच. कानात लावायचं आणि पपईच्या ओळीतून चालायला लागायचं. ओळ कधी संपली ते कळलं नाही तर हाऊस चांगलं. पानावरचा व्हायरस दिसायला लागला तर हाऊस खराब. मी म्हटलं, "आप्पा, तुमनं चांगलं हाऊस एक दिन बाग खाई जाई." त्यावर ते खराब हाऊस दिवसातून एकदा तब्येतीने ऐकायला लागले, फक्त पाहणीसाठी.

इथवर ठीक होतं. पण हाऊसच्या मागोमाग रेव्ह हा शब्द आला आणि ओट्यावरची शांतता गेली.

आमच्याकडे हा शब्द सगळ्यांना माहीत आहे, तो पेपरातून. कुठल्यातरी फार्महाऊसवर रेव्ह पार्टी, पोलिसांचा छापा, मग तोंडावर रुमाल धरलेल्या मुलांचा फोटो. मी आप्पांना तो अर्थ सांगितला तेव्हा त्यांना राग आला. लग्नात मारामारी झाली म्हणजे लग्नाचा अर्थ मारामारी होतो का, असं त्यांचं म्हणणं. रेव्ह म्हणजे नुसतं एकत्र नाचणं. पण कसं नाचणं, यावर आम्ही डेअरीत दूध घालून आलो की रोज वाद घालायचो.

"ज्यामा नवरदेव शे ती रेव्ह नही," हा आप्पांचा पहिला सिद्धांत.

"मंग मिरवणूक?"

"वरात, मिरवणूक कोठे तरी जास. रेव्ह कोठेच जास नही."

गरब्याचं काय, म्हणालो. तिथं देवी आहे, बाद. हळदीचा डीजे? हळद कोणाची तरी असते, बाद. शिवाय तिथं एक माणूस माइक घेऊन अमक्या भाऊंनी स्टेजजवळ यावं असं ओरडतो, म्हणून दोनदा बाद. मग मी मोठ्या हुशारीने सातपुड्यातली आदिवासींची होळी काढली. ढोल, रात्रभर नाच, हजारो माणसं. आप्पांनी कानातला इअरफोन काढला. मग म्हणाले, "ते त्यास्नं शे. नवस ऱ्हास, व्रतनी पाळनूक ऱ्हास. त्याले आपलं नाव लावानं नही."

थोडक्यात, नाचायला काही कारण असलं की ती रेव्ह नाही. कारण नसताना माणसं नाचली तर रेव्ह. मी म्हटलं, आप्पा, असं जगात कोण नाचतं? तर म्हणाले, आपण नाचू.

मला वाटलं, बोलून गेले. पण हरभरा काढून वावर मोकळं झालं आणि दुसऱ्याच दिवशी आप्पा इस्त्रीचा सदरा घालून माझ्या दारात उभे. पोलीस ठाण्यात जायचंय, गाडी काढ. त्यांनी रीतसर अर्ज लिहिला होता, शाळेत शिकवलेल्या शुद्ध मराठीत: "महोदय, माझ्या मालकीच्या शेतात दुपारी चार ते सहा या वेळेत रेव्ह आयोजित करण्याचे योजिले आहे, तरी परवानगी मिळावी ही नम्र विनंती."

हे असं लिहून पोलिसांकडे न्यायचं नसतं, हे त्यांना सांगायला मला शहाद्यापर्यंतचा रस्ता पुरला नाही.

फौजदार बाहेरगावचे होते, तरुण आणि थकलेले. त्यांनी अर्ज वाचला. परत वाचला. मग खुर्चीत सरळ झाले.

"काका, यावर आम्ही छापा टाकायला जातो. अर्ज करून सांगायला आलेले तुम्ही पहिलेच."

"म्हनून तं ऊनू सायेब. तुम्हीबी या."

"तिथं काय काय असणार?"

"ताक शे. भुईमुंगना शेंगा शेत."

फौजदारांनी माझ्याकडे पाहिलं. मी लॅबच्या ओळखपत्राला हात लावला, उगीच. त्यांनी एक छापील फॉर्म काढला. त्यात कार्यक्रमाचं कारण असा रकाना होता. वाढदिवस लिहू का? आप्पा नाही म्हणाले. सत्यनारायण? नाही. काहीतरी लिहावं लागेल काका, कारणाशिवाय फॉर्म पुढं जात नाही. आप्पा म्हणाले, कारण नही शे. तीनदा म्हणाले, आणि तिसऱ्यांदा त्यांचा आवाज बारीक झाला. मग उठून बाहेर गेले.

मी चिडून मागे गेलो. आप्पा ठाण्याच्या पायरीवर बसले होते. मी म्हटलं, चार अक्षरं लिहून टाकायची, काय तुमचा हट्ट! लोकांच्या घरी काय खरी कारणं असतात?

"मी कारण कोठून आनू?" आप्पा म्हणाले. "पोरगं नही, पोरगी नही. मन्हा घर हयद लागनार नही, बारसं व्हनार नही. तुन्ही जिजीले नाचानं भलतं आवडे. लगीन व्हयनं तव्हय सांगे माले, गावमा मीच पुढे ऱ्हाऊ म्हने. आते लोकेस्ना मांडोमा ती मांगे उभी ऱ्हास. हयद लावाले तिले कोनी बलावस नही. जठे कारण शे, तठे ती मांगे."

मी पायरीवर बसलो. जिजी म्हणजे आप्पांची बायको, सुमनजिजी. माझ्या मुलीच्या हळदीला त्या सकाळपासून आमच्या घरी होत्या, पोळ्या लाटत. नाच सुरू झाला तेव्हा त्या कुठं होत्या हे मला खूप आठवून पाहिलं तरी आठवेना. मला माझी लाज वाटली. इतके दिवस मी या माणसाशी व्याख्येवरून भांडत होतो आणि तो एका बाईला उभं राहायला जागा शोधत होता.

आत जाऊन मी फौजदारांना एवढंच सांगितलं की मूलबाळ नाही, नवराबायकोच आहेत. त्यांनी फॉर्म परत ड्रॉवरमध्ये ठेवला. दिवसा, स्वतःच्या शेतात, आवाज बांधाबाहेर न जाता दोन स्पीकर लावायचे, तर हा फॉर्म भरायचाच कशाला, म्हणाले. फक्त तो शब्द गावात वापरू नका.

आप्पांनी तो शब्द गावभर वापरला. घरोघर गेले. लोक विचारायचे, "कसाना कार्यक्रम शे आप्पा?" आप्पा म्हणायचे, "कसानाच नही. नाचाले या." लोक मान हलवायचे आणि आप्पा गेल्यावर एकमेकांकडे बघायचे. येतील की नाही याची आप्पांना इतकी धास्ती की आठवडाभर त्यांनी कोणाच्या कानात इअरफोन घातला नाही.

दिवस ठरला तो शेतावरची लाईट दिवसा असते त्या आठवड्यातला. मंडपवाल्याकडून मी दोन स्पीकर आणले, विहिरीजवळच्या निंबाखाली ठेवले. जिजींना आप्पांनी फक्त शेंगा भाजायला ये म्हणून सांगितलं होतं. चार वाजले. धप् धप् सुरू झालं. वावरात आम्ही चौघं, आप्पा, जिजी, मी आणि माझी बायको, आणि बांधावर एक म्हैस. सव्वाचार. साडेचार. आप्पा सारखे स्पीकरची वायर तपासत होते, तिला काही झालेलं नसताना.

मग रस्त्याकडून ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत गल्ली होती. मागून दुसरा. बायका, बाप्ये, नेसून-सवरून, आणि प्रत्येकाच्या हातात पिशवी.

आम्हा लोकांना आमंत्रण आलं की रिकाम्या हाताने जाता येत नाही. कारण कळलं नव्हतं, म्हणून लोकांनी सगळ्या कारणांना चालेल असा आहेर आणला होता. टॉवेल-टोपी आणि साडी-झंपर. पहिला माणूस पुढे झाला आणि त्याने आप्पांच्या खांद्यावर टॉवेल टाकून डोक्यावर टोपी ठेवली. आप्पा हात जोडून मागे सरकायला लागले. "अरे नही, रेव्हमा आहेर ऱ्हास नही! नियम शे! लई जा परत!" तोवर दुसरी टोपी पहिलीवर बसली. कोणी ऐकायला तयार नाही.

माझी बायको सरळ जिजींकडे गेली. त्यांना शेंगांच्या चुलीपासून उठवलं, खाटेवर बसवलं, कुंकू लावलं आणि पदरात साडी घातली. मग बाकीच्या बायकांनी रांग धरली. जिजींच्या मांडीवर साड्यांची चवड वाढायला लागली. त्या एकेका साडीवरून हात फिरवत होत्या, वर बघत नव्हत्या.

"सुमन, परत कर त्या," आप्पा म्हणाले. "हाई तसं नही शे."

"ऱ्हाऊ द्या," जिजी म्हणाल्या. "चाळीस वरीस देतच ऱ्हायनू मी. आज घेऊ द्या माले."

आप्पांनी जोडलेले हात सोडले. मग खाटेवर त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि पुढच्या टोपीला स्वतःच डोकं वाकवलं. डोळ्यांतलं पाणी पुसायला त्यांच्या खांद्यावर टॉवेल पुष्कळ होते, पण त्यांना ते सुचलं नाही.

नाच झाला. जिजी सगळ्यांत पुढे होत्या, आणि खरंच, गावात त्यांच्यासारखं कोणी नाचत असेल असं मला वाटत नाही. धानोऱ्याहून नातीला घेऊन आलेली एक म्हातारी उशिरा पोचली. तिने गर्दी पाहिली, साड्या पाहिल्या, नवरदेव कुठं दिसेना, म्हणून तिने नाचणाऱ्या जिजींचाच हात धरला.

"कोनं लगीन शे वं माय?"

"कोनंच नही, मावशी," जिजी धापा टाकत म्हणाल्या. "आम्हीच शेतस दोन्हीजन."