कासमभाईंचा उलटा घोडा

कासमभाई मुलाणी माणसाच्या तोंडाकडे आधी बघत नाहीत, आधी त्याच्या मोटारसायकलच्या टाकीकडे बघतात. टाकीवर कंपनीचा जो बिल्ला असतो, त्याला आमच्याकडे सगळे मोनोग्राम म्हणतात. तो घासलेला, रंग उडालेला किंवा एका बाजूने सुटलेला दिसला की कासमभाईंना चैन पडत नाही. बारामतीच्या एसटी स्टँडसमोर एका अनोळखी गाडीवर वाकून ते खिशातल्या रुमालाने मोनोग्राम पुसायला लागले आणि गाडीचा मालक चोर समजून धावत आला, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मालक आला तो शिव्या तोंडात घेऊनच. कासमभाईंनी मान वर न करता विचारलं, “किती दिस झालं ह्याला पुसून?” आणि तो बिचारा खरोखरच दिवस आठवू लागला.

ते माझ्या शेजारी राहतात. मूळचे कळंबचे, पण आयुष्य साखर कारखान्यात फिटर म्हणून गेलं. निवृत्तीनंतर बारामतीत घर बांधलं आणि वर्षभरात त्यांची बायको शकीला गेली. तेव्हापासून एकटेच. ओसरीत एक पाट, पाटावर पांढरं फडकं, फडक्यावर कुणाचा तरी मोनोग्राम. आधी तो कोमट पाण्यात भिजत ठेवायचा, मग जुना रंग टोकदार काडीने खरवडायचा, पत्रा चमकेपर्यंत घासायचा, आणि अक्षरांच्या खाचांत इंजेक्शनच्या सुईने थेंब थेंब रंग सोडायचा. रंग वाळेपर्यंत ते पंखा लावत नाहीत. उन्हाळ्यातही नाही. “धूळ बसंल,” म्हणतात. मी शेजारी घाम पुसत बसतो आणि त्या मोनोग्रामचा मला हेवा वाटतो.

लाल रंगाचा त्यांना फार त्रास. हार्डवेअरच्या दुकानातला लाल त्यांना कधीच पटत नाही. एकदा ते मला घेऊन बाजारात बांगड्यांच्या दुकानात गेले आणि नेलपॉलिशच्या बाटल्या उजेडात धरून बघू लागले. सात-आठ बाटल्या उघडून झाल्या. नखाला लावून बघितल्या. दुकानदारीण बराच वेळ बघत होती. मग तिने हळूच विचारलं, “चाचा, कुणासाठी घ्यायचीय?”

“घोड्यासाठी,” कासमभाई म्हणाले.

त्यानंतर त्या दुकानात मी एकटा गेलो, तरी ती बाई मला घोड्याची तब्येत विचारते.

हा घोडा त्यांच्या स्वतःच्या गाडीवरचा. ती गाडी बनवणारी कंपनी कधीच बंद पडली. टाकीच्या दोन्ही बाजूंना पळणारा घोडा असतो. डावा आणि उजवा घोडा वेगळे घडवलेले असतात, कारण दोघांनी पुढच्या चाकाकडेच पळायचं असतं. कुणी चुकून डावा घोडा उजवीकडे लावला तर तो सीटकडे तोंड करून पळतो. कासमभाई असल्या चुका भर रस्त्यात थांबवून दाखवतात. “तुजी गाडी निघाली पुण्याला आन घोडं निघालं माघारी,” असं एका तरण्या पोराला त्यांनी सिग्नलवर ऐकवलं होतं.

आणि याच कासमभाईंच्या गाडीवर उजवीकडचा घोडा उलटा आहे.

गल्लीत यावरून त्यांची पुष्कळ चेष्टा होते. कुणी म्हणतं, चाचांची गाडी रिव्हर्समध्ये जास्त चालते. कुणी म्हणतं, घोडा रुसलाय. कासमभाई एवढंच म्हणतात, “हिकडचा तसाच ऱ्हातो,” आणि समोरच्याच्या टाकीत काहीतरी खोट काढून विषय बदलतात. त्यांची आणखी एक तऱ्हा होती. घरी आल्यावर ते गाडी कधी सरळ आत घालत नसत. पुढचं चाक रस्त्याकडे करून, दाराशी असलेल्या चढावर ती मागे ढकलत नेत. हे वय आणि ती लोखंडी गाडी, चांगली धाप लागायची. मी सांगून पाहिलं, मग सोडून दिलं. म्हाताऱ्या माणसाचा हट्ट असतो, असं मी धरून चाललो.

माझी पत्नी मालती गेली तेव्हा भेटायला येणारे सगळे काही ना काही बोलले. मी कॉलेजात ग्रंथपाल होतो, त्यामुळे भेटायला येणारेही शिकलेले, आणि त्यांची वाक्यंही चांगली होती. मला एकही आठवत नाही. कासमभाई आले, माझ्याकडे बघितलं, आणि बाहेर जाऊन माझ्या मोटारसायकलपाशी उकिडवे बसले. थोड्या वेळाने दारात येऊन म्हणाले, “सर, ह्याचा एक स्क्रू गेलाय. दुसऱ्याच्या जिवावर लटकलाय. मी घिऊन जातो.” दुसऱ्या दिवशी मोनोग्राम लखलखीत होऊन परत आला. ते तो बसवत असताना मी पेचकस धरून उभा राहिलो. मालती गेल्यानंतर मी केलेलं ते पहिलं काम.

गेल्या हिवाळ्यात इंदापूरच्या अमोलने तिथल्या मैदानात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन मांडायचं ठरवलं. अमोलचं तिथं गॅरेज आहे. सुईने रंग भरायला तो कासमभाईंकडेच शिकला, आणि त्यांना फार मानतो. त्यांच्या गाडीला त्याने मैदानात अगदी पुढची जागा ठेवली होती. कासमभाईंनी मलाही बरोबर चलायला सांगितलं. “मागं माणूस पायजे. रिकाम्या सीटची गाडी वळणावर नीट ऐकत न्हाय.”

दुपारी आम्ही दोघं जेवायला गेलो. परत आलो तर गाडीभोवती अमोल आणि त्याचे मित्र घोळका करून उभे. चेहऱ्यांवर हसू दाबलेलं. आम्ही जवळ जाताच सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अमोलने कुठून कुठून फोन करून, कुणाच्या तरी अडगळीतून अस्सल उजवा घोडा मिळवला होता आणि कासमभाईंच्या माघारी तो बसवूनही टाकला होता. दोन्ही घोडे आता पुढच्या चाकाकडे पळत होते.

कासमभाईंनी उजव्या घोड्यावरून अंगठा फिरवला.

“आदीचा कुठाय?”

“तो कशाला, चाचा? ह्यो ओरिजिनल हाय. उजव्या बाजूचाच.”

“आदीचा कुठाय रं?”

आवाज चढला नव्हता. तरी टाळ्या वाजवणाऱ्यांचे हात खाली आले. अमोलच्या एका मित्राने चहाच्या गाड्याकडे बोट केलं. तिथं कचऱ्याचं पिंप होतं, कागदी कपांनी काठोकाठ भरलेलं.

कासमभाई पिंपापाशी गेले, शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि हात आत घातला. हाताला धूळ लागली तरी लगेच धुणारा हा माणूस. चिकट कप, चहाचा चोथा, उष्टे द्रोण बाहेर येऊ लागले. मीही शेजारी बसून उपसायला लागलो. मग अमोल पळत आला, त्याने पिंप सरळ जमिनीवर आडवं केलं, आणि सगळेच ओणवे झाले. चहावाला आधी ओरडला, मग काय हरवलंय ते कळल्यावर तोही शोधू लागला. घोडा अमोललाच सापडला, अगदी तळाच्या चोथ्यात.

कासमभाईंनी तो रुमालात घेऊन पुसला. पुसून झाल्यावरही पुसत राहिले.

“चाचा, चुकलं का आमचं?” अमोल रडवेला झाला होता.

“न्हाय रं लेकरा. तुजा घोडा लई देखणा हाय. पर त्यो बी बाहीरच निघालाय.”

कुणालाच कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. पुण्याच्या जुन्या बाजारातून त्यांनी घोड्यांची जोडी मागवली होती. विकणाऱ्याने दोन्ही डावेच पाठवले. परत करायचे म्हणून ते कपाटावर ठेवून कासमभाई रात्रपाळीवरून येऊन झोपले होते. शकीलाला यातलं काही माहीत नव्हतं. नवऱ्याला उठल्यावर नवी गाडी दिसावी म्हणून तिने स्वतः पेचकस शोधला आणि दोन्ही घोडे बसवले.

“मी उठून बघितलं आन हसलो. म्हनलं, अगं, हिकडचा उलटा पळतोय. तर म्हनली, ऱ्हाऊ द्या. एक जाऊ द्या तुमच्यासंगं कामाला. एकाचं तोंड घराकडं असू द्या.”

अमोलने पेचकस आणला. नवा घोडा काढून त्याने कासमभाईंच्या हातात दिला आणि जुना जागेवर बसवायला स्वतः बसला. कासमभाईंनी त्याच्या हातातून पेचकस काढून घेतला. तेवढं काम त्यांनी कुणाला करू दिलं नाही.

परतीला उसाच्या ट्रॉल्यांमागून आम्ही सावकाश आलो. मी मागे बसलो होतो. माझ्या उजव्या गुडघ्यापुढे तो घोडा माझ्याकडे तोंड करून पळत होता.

दिवेलागणीला त्यांच्या घरापाशी पोचलो. त्यांनी नेहमीसारखं पुढचं चाक रस्त्याकडे केलं. या वेळी मी मागून हात लावला. दोघांनी मिळून गाडी चढावर ओढली आणि उजवीकडचा घोडा दाराकडे बघत उभा राहिला.

दाराला कुलूप होतं. कासमभाईंनी किल्ली काढली, पण लावली नाही. आधी कडी वाजवली, दोनदा, हलकेच. थोडं थांबले. मग कुलूप उघडून आत गेले.

मी माझ्या दाराशी आलो. मालती गेल्यापासून बाहेरून येऊन मी नुसती किल्ली फिरवत होतो. किल्ली हातात ठेवून मी कडीला हात लावला.