शिडीशिवाय

“बाबा, मी येईपर्यंत झाडावर चढायचं नाही,” असं लेकीनं स्कूटर सुरू करता करता दोनदा बजावलं होतं आणि करवतकाकांनी दोन्ही वेळा मान डोलावली होती. मशीनच्या करवतीची चेन सकाळीच तुटली होती. नवी चेन आणायला लेक बाजारात गेली आणि काका तुतीच्या झाडाला लावलेल्या शिडीशी उगाचच उभे राहिले.

त्यांचं खरं नाव आता पोस्टमनलाही आठवत नसे. आसपासच्या निम्म्या बागांना त्यांच्या हाताची सवय होती. एकतीस वर्षांत त्यांची एकही फांदी कुणाच्या छपरावर, काचेवर किंवा वाळत घातलेल्या कपड्यांवर पडली नव्हती. “फांदी कुठं पडणार, ते मी आधी बोट दाखवून सांगतो,” असं ते प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत, आणि ते खरंही होतं. लेकीनं मात्र दोरावरून झाड चढायचं रीतसर शिक्षण घेतलं होतं. तिच्याकडे कमरेचे पट्टे होते, हेल्मेट होतं, लोखंडी कड्या होत्या आणि प्रत्येक गाठीला वेगळं नाव होतं. पण सहा महिने झाले तरी काकांनी तिला जमिनीवरून वर जाऊ दिलं नव्हतं. ती फांद्या गोळा करायची आणि करवतींना धार लावायची.

“माकडं काय पट्टे बांधून चढतात?” काका विचारत.

“माकडं साठीची नसतात, बाबा,” लेक म्हणे.

आजचं काम हेडबाईंकडे होतं. हेडबाई म्हणजे चाळीस वर्षं शाळा हाताखाली ठेवून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका. त्यांच्या परसातल्या तुतीची एक जाड फांदी स्वयंपाकघराच्या छपरावर झुकली होती आणि खालच्या दोरीवरच्या पांढऱ्या चादरींवर जांभळे ठिपके पाडत होती. बाई बाहेर आल्या, मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “का थांबलात?”

“चेन यायचीय, बाई.”

“हाताची करवत दिसतेय की पिशवीत.”

“आहे ना.”

“मग? मुलगी नसली की जमत नाही का हो आता?”

बाईंनी अगदी सहज विचारलं आणि त्या आत निघून गेल्या. काकांना मात्र ते फार लागलं. त्यांनी करवत कमरेला अडकवली आणि दोन मिनिटांत ते वर होते. जिथे झाडाला दोन फाटे फुटले होते तिथे एक पाय रोवून, दुसऱ्या फाट्याला पाठ टेकून त्यांनी कापायला सुरुवात केली. आधी खालून खाच, मग वरून काप. फांदी करकरली, वळली आणि गुलाबाच्या दोन कुंड्यांच्या बरोबर मधे पडली. एक पाकळीसुद्धा हलली नाही. काकांना इतका आनंद झाला, की फांदीच्या शेंड्यानं जाता जाता शिडीचा पाय ओढला, हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं. शिडी सावकाश सरकत गेली आणि गवतावर आडवी झाली.

काकांनी खाली पाहिलं. जमीन दोन पुरुष खाली होती. खोड गुळगुळीत, मधे पाय ठेवायला एक डहाळी नाही. जी होती ती त्यांनीच गेल्या वर्षी साफ केली होती आणि बाईंनी तेव्हा कौतुकही केलं होतं.

हेडबाई हात पुसत बाहेर आल्या. पडलेल्या फांदीकडे, कुंड्यांकडे, मग शिडीकडे त्यांनी आळीपाळीनं पाहिलं. “शिडी काढून ठेवलीत?”

एवढं म्हणायचं होतं, “पडली हो बाई, जरा लावून द्या.” सहा शब्द. पण काकांच्या तोंडून वेगळेच निघाले. “हो. काम करताना ती मधे येते.”

“आणि उतरणार कसे?”

“त्याचं एक तंत्र असतं.”

“असं का?” बाईंच्या भुवया वर गेल्या. “शिडीशिवाय! हे डॉक्टरांना दाखवायलाच हवं.” आणि काका नको नको म्हणेपर्यंत त्यांनी कुंपणाशी जाऊन हाक मारलीसुद्धा.

डॉक्टर म्हणजे शेजारचे दातांचे डॉक्टर. रविवार असल्यामुळे मोकळेच होते. ते कुंपणावरून डोकावले आणि मान वर करून बघत राहिले. “वा! पूर्वी तुम्हाला शिडी लागायची ना, काका?”

“शिकाऊ माणसाला लागते, डॉक्टर.”

हे बोलून झाल्यावर काकांना स्वतःचीच जीभ कापून टाकावीशी वाटली. करवत हातात होती, पण दोन माणसं बघत होती. आता नुसतं बसून चालणार नव्हतं. वर असलेल्या माणसानं काहीतरी करत राहायला हवं. त्यांनी एक वाळकी काडी कापली. मग तिच्याशेजारची अर्धवट वाळकी कापली. मग “हवा खेळती राहायला हवी” असं म्हणून एक चांगली हिरवीगार डहाळी उतरवली. डॉक्टर मान डोलावत होते. “आमच्याकडेही असंच असतं. एक किडका काढायला गेलं, की शेजारचा दिसतो.”

“काका, सावली जरा राहू द्या हं,” बाई म्हणाल्या.

“राहणार, राहणार.” काकांनी आणखी एक डहाळी कापली, पण डोळे लावले होते रस्त्याकडे. रोवलेल्या पायाला आता मुंग्या येऊ लागल्या होत्या.

अर्ध्या तासानं बाई चहाचा कप घेऊन आल्या. “या खाली. चहा तयार आहे.”

“वरच घेतो, बाई. लय तुटते खाली आलं की.”

“अहो, पण वर देणार कसा?”

तेव्हा डॉक्टरांनी सुवर्णाक्षरांत लिहून ठेवावं असं वाक्य उच्चारलं. “त्यात काय, मी येतो पलीकडून आणि शिडी लावून देतो वर.”

काकांचा चेहरा उजळला. पण ते “लावा की” म्हणणार, तेवढ्यात बाई कडाडल्या. “मुळीच नाही! आत्ताच म्हणालेत ते, शिडी मधे येते. माणसाच्या कामाचा मान ठेवावा.” आणि तो वाफाळता कप त्यांनी कुंपणावरून डॉक्टरांच्या हातात दिला. डॉक्टर चहा फुंकत फुंकत प्यायले. प्रत्येक घोट काकांना वर स्पष्ट ऐकू आला.

तेवढ्यात खाली पिशवीत फोन वाजला. बाईंनी तो उचलला. “हो, मीच बोलतेय. तुझे बाबा वर आहेत... नाही, नाही, शिडीशिवाय! त्याचं एक तंत्र असतं म्हणे!... शिडी? ती गवतावर आहे, आडवी... हॅलो? हॅलो?” फोन केव्हाच बंद झाला होता.

दहाच मिनिटांत स्कूटर फाटकाशी थांबली. लेक आत आली. तिनं गवतावरची शिडी पाहिली, वाफ्यातल्या मातीत शिडीच्या पायानं काढलेली लांब रेघ पाहिली, आणि मग वर पाहिलं. बाप आणि लेक क्षणभर एकमेकांकडे बघत राहिले. मग ती हेडबाईंकडे वळली. “बाई, थोडं मागे सरता का? तंत्राचा पुढचा भाग आता सुरू होतोय.”

तिनं पट्टे चढवले, हेल्मेट घातलं. वजन बांधलेली बारीक दोरी तिनं एका झोक्यात वरच्या मजबूत फाट्यावरून पलीकडे टाकली. तिच्यामागून जाड दोर ओढून घेतला, तो दोनदा लटकून तपासला, आणि पायऱ्या चढावं तशी ती शांतपणे वर गेली. काका बघतच राहिले. पहिल्याच फेकीत नेमका फाटा! वजन कुठे पडणार, ते पोरीला आधीच माहीत होतं.

“किती वेळ?” ती त्यांच्या कानाशी कुजबुजली.

“पाऊण तास.”

“सांगितलं होतं ना मी?”

“पायात जीव नाही गं राहिला.”

दुसरा पट्टा तिनं त्यांच्या कमरेला आवळला, कडी अडकवली. “आता मागे रेला. बिनधास्त बसा दोरावर.”

“नुसता दोर, पोरी?”

“गाठ मी मारलीय, बाबा.”

काकांनी डोळे मिटले आणि मागे रेलले. दोर ताणला आणि तसाच राहिला. मग ते इतके अलगद खाली आले, की पाय गवताला लागल्यावरच त्यांना ते कळलं. डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. “काका, काय तयार केलीत मुलीला! कधीपासून शिकवताय?”

उत्तर जिभेवर तयार होतं आणि ते द्यायला काहीच अडचण नव्हती. काकांनी वर पाहिलं. लेक फाट्यावर उभी राहून दोर गुंडाळत होती.

“मी नाही शिकवलं,” ते म्हणाले. “मी तिला सहा महिने चढूच दिलं नाही. आणि शिडी मी काढली नव्हती. पडली ती. मी अडकलो होतो.”

“अडकला होतात?” डॉक्टर जवळजवळ ओरडलेच. हेडबाई मात्र जराही दचकल्या नाहीत.

“माहीत आहे मला,” त्या म्हणाल्या. “खिडकीतून बघत होते मी.”

“मग बाई, लावली का नाहीत?”

“माझ्या वर्गात चाळीस वर्षं एकच पद्धत होती. अडलं तर हात वर करायचा. तुमची मी केव्हाची वाट बघतेय.” मग त्या हसल्या आणि काकांसाठी नवा चहा टाकायला आत गेल्या.

लेकीनं वरून हाक दिली, “बाबा, वरची आणखी एक फांदी छपराकडे वळतेय, ती काढते. दोर धराल?”

काकांनी दोर दोन्ही हातांनी धरला. तिनं फांदी बांधली, कापली आणि ती मोठी फांदी कुठेही न आपटता हळूहळू खाली उतरू लागली. डॉक्टर कुंपणावर ओणवले. “माझ्याही दारचं झाड करायचंय, काका. येत्या रविवारी येणार का तुम्ही?”

“तिला विचारून सांगतो,” काका म्हणाले. “कामं आता ती ठरवते.”

रस्त्यानं एक बाई भाजीची पिशवी घेऊन चालल्या होत्या. झाडावरचं लाल हेल्मेट बघून त्या जरा थबकल्या. त्यांनी काही विचारलं नव्हतं, कदाचित विचारणारही नव्हत्या. काकांनी दोर न सोडता मान वळवली आणि मोठ्यानं सांगितलं, “माझी मुलगी आहे ती.”